अग्निवीरचा फॉर्म भरायच्या आधी ४ वर्षांचा हिशोब असा लावा

आपल्याकडं बारावी झाली की पोट्टे पहाटे डांबरी रोडवर पळायला लागतात, १६०० मीटरचा टाइम सगळ्यांना पाठ, पण नोकरी किती वर्षांची विचारलं तर म्हणतात आर्मी म्हणजे पेन्शन. तसं नाही राह्यलं भाऊ. २०२२ पासून जवानाची भरती अग्निपथ योजनेतून होते, त्यात लागलेला पोरगा म्हणजे अग्निवीर, अन् ती ४ वर्षांची, ट्रेनिंग त्यातच आलं.

पहिले वही काढ अन् पगार मांड. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५००, शेवटी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे सुरुवातीला हाती २१,०००, चौथ्या वर्षी २८,०००. भत्ते सोडून ४ वर्षांत हातात येणारे झाले पावणेबारा लाखाच्या आतबाहेर. कापलेले ५.०२ लाख, तेवढेच सरकार टाकतं, सुटताना व्याज धरून ११.७१ लाखाच्या जवळपास मिळतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी पण नाही. म्हणून पोरगं लागलं रे लागलं की बाबांनी ७ वर्षांच्या हप्त्यावर ट्रॅक्टर काढायचा, हे करू नका, शेवटचे ३ वर्षं कोण भरन?

आता ‘मला तर पुढं ठेवतीलच’ वाल्यांसाठी. ठेवतात २५ टक्क्यांपर्यंत, तेही अर्ज करून, मेरिटवर, हक्क म्हणून नाही. ठेवलं तर पुढं किमान १५ वर्षं, अन् पेन्शनही लागते. पण बहुतेकांना माहीत नसतं की आधीची ४ वर्षं पेन्शनला धरत नाहीत, अन् सेवा निधीतला सरकारचा वाटाही मिळत नाही, फक्त आपले कापलेले अन् त्याचं व्याज. तरी माझ्या मते सौदा फायद्याचाच आहे. हिशोब मात्र बाहेर पडणाऱ्या ७५ टक्क्यांतला आहो असं धरूनच लावायचा.

मधातच सोडून येतो म्हणशील तर परवानगी खास कारणालाच मिळते, अन् तिथंही सरकारचा वाटा गेला.

सुट्टी वर्षाला ३० दिवस, रेग्युलर जवानाला ९०. म्हणजे पेरणीलाही येतो अन् कापूस वेचायलाही येतो असं घरी कबूल करून बसू नको. अन् ४ वर्षं लग्न करता येत नाही, मामाकडं बोलणी चालू असन तर आधीच सांगून टाका.

दहावीवर लागला तर नोकरीतच बारावीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळायची सोय आहे, ते सोडू नको. सुटल्यावर केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, वयातही सूट आहे, पण ती भरती पुन्हा द्यावी लागते, म्हणून चौथ्या वर्षी अभ्यास सुरू पाहिजे.

फॉर्म सेतूवाल्यावर सोडून चहाला जाऊ नको. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटवर जशी आहे तशीच, आधारवर वेगळी असन तर ती आधी दुरुस्त कर. रॅलीला सरपंचाचा अविवाहित असल्याचा फोटोवाला दाखला लागतो, ६ महिन्यांच्या आतला, मागच्या भरतीचा चालत नाही.