ईएफ ६० आहे ना? मग खालच्या ओळीही वाचा : बीपी असणाऱ्यांनी या चुका टाळा

आमच्या आप्पांना १४ वर्षांपासून बीपी आहे. मागच्या हिवाळ्यात नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना ते दोनदा टेकले. "वय झालं आता," असं म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. ही आमची पहिली चूक. सपाट रस्त्यावर दम लागत नाही, चढावर लागतो, आणि सहा महिन्यांपूर्वी तोही लागत नव्हता, एवढा फरक जाणवला तरी डॉक्टरांना सांगायला हवा.

दुसरी चूक मोठी होती. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, त्यात ईएफ ६० आलं, आणि 'हार्ट नॉर्मल' म्हणून रिपोर्ट कपाटात गेला. ईएफ म्हणजे एका ठोक्याला हृदयाचा डावा खालचा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो आकडा. पण वर्षानुवर्षे जास्त दाबाविरुद्ध काम करून स्नायू जाड आणि ताठ होतो. आधी बिघडतं ते त्याचं सैल पडणं. कप्पा नीट सैलावला नाही की भरताना आतला दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसांपर्यंत जातो आणि जिना चढताना धाप लागते. जोर मात्र अजून शाबूत असतो, म्हणून ईएफ चांगलं दिसतं. आप्पांच्या त्याच रिपोर्टात या कप्प्याच्या भिंतीची जाडी १३ मिलिमीटर लिहिली होती. पुरुषांमध्ये ती साधारण १० पर्यंत असते. आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की भिंतीची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि 'डायस्टॉलिक फंक्शन' (कप्पा किती नीट सैलावतो आणि भरतो) या तीन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम विचारा. साठीनंतर 'ग्रेड १', म्हणजे सैलावण्यातला सर्वांत सौम्य बिघाड, अनेकांच्या रिपोर्टात दिसतं, त्याने घाबरून जायचं कारण नाही. पण पंचेचाळिशीत बीपी असणाऱ्याच्या रिपोर्टात तीच ओळ आली तर ती गांभीर्याने घ्यायची.

स्ट्रेन नावाची तपासणी इकोच्याच मशीनवर होते. स्नायू लांबीच्या दिशेने किती आखडतो, हे ती मोजते. आतल्या थरातले हे धागे लवकर थकतात, त्यामुळे ईएफ घसरण्याआधीच तिचा आकडा कमी होऊ शकतो. तो उणे चिन्हासह येतो आणि इथेच गोंधळ होतो : उणे २० चांगला, उणे १५ कमजोर. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर आकडे थोडे वेगळे येतात. यंदा कॉलेज रोडला, पुढच्या वर्षी पंचवटीत असं करून दोन आकडे शेजारी ठेवले तर खरा बदल कळत नाही. शक्यतो एकच सेंटर धरा.

इकोच्या दिवशी गोळी चुकवू नका. दाब चढलेला असेल तर त्या क्षणी स्ट्रेन कमी दिसतो. तपासणीच्या वेळचा बीपी रिपोर्टवर लिहून घ्या.

'ईसीजी नॉर्मल आहे, मग इको कशाला?' हेही घरोघरी ऐकू येतं. भिंत जाड झालेली असूनही ईसीजी साफ येऊ शकतो.

आणि मीठ. मिसळ, चिवडा, पापड, लोणचं यांच्यावर वाढलेल्या आपल्या नाशिककरांना हे जड जातं, मलाही जातं. पण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि पापड-लोणच्यातलं मीठही त्यातच मोजायचं. दाब ताब्यात राहिला तर जाड झालेली भिंत काही प्रमाणात पुन्हा उतरू शकते. म्हणूनच हे लवकर कळण्याला एवढी किंमत आहे.

आडवं झाल्यावर धाप लागणं, पायांवर सूज, छातीत दुखणं यापैकी काही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

आप्पांचा पुढचा इको त्याच सेंटरला ठरलाय. जुना रिपोर्ट आणि घरच्या बीपीची वही मी आत्ताच पिशवीत घालून ठेवली आहे.