शिवरात्रीच्या ठंडाईत भांग घालण्याआधी
माघ वद्य पक्ष लागला की पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात एखादं तरी मंडळ येतंच. प्रश्न ठरलेला. "मॅडम, ठंडाईत भांग चालेल ना? प्रसाद आहे, धर्मस्वातंत्र्य आहे!" असेल प्रसाद, पण जप्ती होते ती पातेल्याची. म्हणून आधी पातेल्यात काय आहे ते बघा.

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा चरस आणि गांजा पकडतो, म्हणजे भांगेच्या झाडाची राळ आणि फुलोरा. नुसती पानं त्याच्या व्याख्येत बसत नाहीत. इथवर वाचून पोरं खूश होतात, पुढचं कुणी वाचत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदाही आहे आणि त्यात पानं, म्हणजे भांगसुद्धा, मादक द्रव्यात मोडतात. बनारसला भांगेची परवानाधारक दुकानं आहेत हे खरं, पण तो परवाना उत्तर प्रदेशचा. तिथले गोळे बॅगेतून आणून शनिवार पेठेत वाटायचे नाहीत. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा लेखी परवाना हातात नसेल, तर विषय तिथेच मिटवा.

अर्जात संविधानाचं कलम २५ ठोकून यायची एक हौस असते. ते कलम सुरूच होतं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अटीने. वर कोर्ट विचारणार, ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का? ओंकारेश्वराला रांगेत उभे राहणारे लोक बेल वाहतात, घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी खातात, त्यांची शिवरात्र नीट पार पडते. मग भांगेवाचून अडतं हे सिद्ध कसं करणार? कुणीतरी अमेरिकेचा दाखला आणतो. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका पंथाला त्यांचा आयाहुआस्का हा विधीतला मादक काढा घेऊ दिला, पण तो १९९३ च्या तिथल्या खास कायद्याच्या जोरावर. तसा कायदा आपल्याकडे नाही.

ट्रस्टींनी मात्र दुसरं कलम २५ पाठ करावं, एनडीपीएसमधलं. आपल्या ताब्यातल्या जागेत गुन्हा होतोय हे ठाऊक असून होऊ दिला, तर त्या गुन्ह्याचीच शिक्षा जागा सांभाळणाऱ्यालाही होते. ओवरीत उतरलेल्या बाबांच्या चिलमीकडे "साधू माणूस आहे" म्हणून काणाडोळा करू नका. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याने अल्प प्रमाण धरला, तरी वर्षभरापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाबांना आल्या आल्या हात जोडून सांगा: महाराज, चिलीम इथे नाही. जेवण, अंथरूण सगळं द्या.

आणि ठंडाई करा की! बदाम, मगज, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या, खसखस रात्री भिजवून बारीक वाटा, गार दुधात गाळा. खसखस अफूच्याच बोंडातली, पण बी कायद्याने वगळलेलं आहे, वाण्याकडे बिनधास्त मिळतं. फक्त उरलेली पुडी दुबईला निघालेल्या पाहुण्यांच्या बॅगेत टाकू नका. तिथे तिच्यावर बंदी आहे.