गोव्यातील रानवाटांवर फोर बाय फोर घेऊन निघताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील गावांतून रविवारी सकाळी पाच-सहा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्यांचा ताफा जाताना दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. गाडी रुतणे हा या छंदाचा भागच आहे आणि रुतलेली गाडी बहुधा काही न बिघडता बाहेर निघते; नुकसान होते ते रुतल्यानंतरच्या पाच मिनिटांत, जेव्हा मागचे सगळे खोळंबलेले असतात आणि चालकाला लाज वाटू लागते. पुढे सांगितलेल्या चुका बहुतेक याच घाईच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

वाट कोणाची हे न विचारता निघणे

मोबाइलवरील नकाशात रेघ दिसते म्हणून तिथे गाडी नेण्याचा हक्क मिळत नाही. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये घाटाच्या पायथ्याचा मोठा पट्टा व्यापतात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तेथे परवानगीशिवाय शिरणे गुन्हा ठरतो. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जंगलवाटेवरही पर्यटकांना नेण्याचे काम तेथील नोंदणीकृत जीप करतात. आपली गाडी कितीही सक्षम असली तरी ती कुळ्यातच ठेवावी लागते. अभयारण्याबाहेरची जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची), देवस्थानाची, खाणपट्ट्यातील किंवा एखाद्या शेतकऱ्याची असते, म्हणून आदल्या आठवड्यात गावात जाऊन तोंडी का होईना विचारून यावे. वायंगणाच्या (हिवाळी भाताच्या) शेताची मेर, म्हणजे बांध, एका चाकाने फुटते आणि ती पुन्हा बांधायला शेतकऱ्याचा दिवस जातो. चिखलात लोळण्याची हौसच असेल, तर त्यासाठी आषाढात माशेलचा चिखलकाला आहे.

समुद्रकिनाऱ्याबद्दल एवढेच, की वाळूत गाडी घालण्यास गोव्यात बंदी आहे. शिवाय रुतलेली गाडी निघेपर्यंत भरती थांबून राहत नाही.

गाडीची आणि टायरची तयारी

महिंद्राच्या थार या गाडीची मागची दोनच चाके फिरवणारी आवृत्ती जानेवारी 2023 पासून बाजारात आहे आणि बाहेरून ती फोर बाय फोर थारसारखीच दिसते. ताफ्यात एखादा मित्र ती घेऊन येतो आणि हे पहिल्या चढावर सगळ्यांच्या लक्षात येते, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या गाडीत लो रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गियरचा) लिव्हर आहे ना, हे विचारून घ्यावे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी आणणाऱ्याने करारपत्र नीट वाचावे. खडबडीत वाटेवर किंवा पाण्यात झालेले नुकसान भाडेकरूकडूनच वसूल करण्याची अट त्यात बहुधा असते.

टायरमधील हवा कमी न करणे ही सर्वांत सामान्य चूक, आणि ती केवळ आळसाने होते. डांबरी रस्त्यावरील 30 ते 35 पीएसआय दाब कच्च्या वाटेवर 20 ते 22 पर्यंत उतरवला, तर टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला कवटाळतो आणि गाडी कमी उसळते. मात्र आपल्याकडे जांभा दगड आहे, हे विसरून चालणार नाही. वाळूसाठी सांगितलेला 15 च्या आसपासचा दाब येथे वापरला, तर टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि जांभ्याची धारदार कड तिला कापते. बाजूला पडलेला काप पंक्चरच्या पट्टीने बुजत नाही. परतताना डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची असते, त्यामुळे ताफ्यात निदान एक कॉम्प्रेसर हवाच.

सामान बांधून ठेवावे, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, कारण उतारावर ती ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते.

लाल मातीवर केलेला उतावळेपणा

ऑक्टोबरमधील लाल माती फसवी असते. वरचा पापुद्रा उन्हाने वाळलेला दिसतो, पण खाली ओल तशीच असते. चाक आत गेले की माती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी अनुभव नसलेला चालक हमखास एक्सिलरेटर दाबतो. फिरणारे चाक आपल्याच खाली खड्डा खणत जाते, आणि काही क्षणांत गाडी मधल्या उंचवट्यावर पोटावर टेकते; मग चारही चाके फिरली तरी काही उपयोग नसतो. चाक जागच्या जागी फिरू लागताच पाय काढावा, ज्या चाकोरीतून आलो तिच्यातूनच सावकाश मागे यावे, आणि तेही जमत नसेल तर खाली उतरून फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढावी. दहा मिनिटे खणले की अर्धा तास वाचतो, हे कोणालाही पहिल्यांदा पटत नाही.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, धोका वेगळा आहे. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी पावसानंतर पाण्याने भरतात आणि त्यांच्या काठावर कमरेइतके गवत वाढते. समोर सपाट माळ दिसतो आणि प्रत्यक्षात उभा कडा असतो. अनोळखी सड्यावर गवतातून गाडी नेण्यापूर्वी एकाने पायी चालत पुढे जावे.

तीव्र उतारावर लो रेंजमध्ये पहिला गियर घालून गाडी इंजिनाच्या आधारावर उतरू द्यावी. क्लच दाबला की तो आधार क्षणात सुटतो. चढ अर्ध्यावर अडला तर गाडी वळवण्याचा विचारही करू नये, कारण आडवी झालेली गाडी कलंडते. ब्रेक धरून रिव्हर्स गियर घालावा आणि सरळ मागे यावे. उतरताना मागचा भाग बाजूला घसरू लागला, तर ज्या दिशेला तो घसरतो त्याच दिशेला स्टिअरिंग वळवून किंचित वेग द्यावा. हे मनाविरुद्ध वाटते, म्हणून ते आधी लहान उतारावर करून पाहावे. स्टिअरिंगच्या आत अंगठा अडकवू नये. चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग झटक्याने फिरते.

डांबरावर आल्यावर लिव्हर टू व्हीलमध्ये येत नाही, ही तक्रार नेहमीची. थारसारख्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुरांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते, त्यामुळे कठीण रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळण घेतले की यंत्रणेत पीळ बसतो. जोर लावून लिव्हर ओढू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घेतली की पीळ सुटतो आणि लिव्हर हलका होतो.

व्हाळ (ओढा) ओलांडताना

थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने 650 मिलिमीटर सांगितली आहे, पण हा आकडा सपाट तळाच्या संथ पाण्यासाठी समजावा. शेवाळलेले गोटे आणि वाहते पाणी असलेल्या व्हाळात त्याच्या अर्ध्यावरच सावध व्हावे. काठी घेऊन पायी पलीकडे जाऊन यावे, आणि जिथे आपल्याला उभे राहता येत नाही तिथे गाडी घालू नये. पाणी गढूळ होऊन चढू लागले, तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर घाटात पाऊस झाला आहे, असे समजून मागे फिरावे.

पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारणे ही या लेखातील सर्वांत महागडी चूक आहे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या ताफ्यातील एकाने, मी काठावरून ओरडत असताना, तीनदा किल्ली फिरवली. इंजिन उघडल्यावर दोन रॉड वाकलेले निघाले आणि गाडी दोन महिने गॅरेजमध्ये राहिली. इग्निशन बंद करून गाडी दोराने ओढून काढावी आणि एअर फिल्टर पाहावा. तो ओला असेल, तर पुढचे काम मेकॅनिकचे आहे. पाण्यातून सुखरूप बाहेर आल्यावरही थोडे अंतर ब्रेक हलके दाबत जावे, म्हणजे ते सुकतात.

दोर आणि माणसे

गाडी ओढताना मोडलेल्या धुरेपेक्षा तुटलेला दोर अधिक घातक असतो. ट्रेलरच्या गोळ्याला किंवा मालवाहतुकीत गाडी बांधण्यासाठी दिलेल्या पातळ कडीला दोर लावू नये. ती उखडून गोळीसारखी सुटते. दोन दोर लोखंडी शॅकलने (जोडकडीने) जोडू नयेत. ताणला जाणारा कायनेटिक दोर झटका देण्यासाठी असतो आणि न ताणणारा पट्टा संथ ओढण्यासाठी, त्यांची अदलाबदल करू नये. दोरावर जाड गोधडी टाकावी, बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे आणि खूण एकानेच करावी. विंच (गाडीवरचे, दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) बांधायला रुंद पट्टा आणि जाड खोडाचे झाड लागते. पोफळीला बांधलेला विंच फक्त पोफळ आणतो, आणि मग कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) मालकही येतो.

ताफ्यात सर्वांत नवखा चालक दुसऱ्या क्रमांकावर असावा, अवजारे शेवटच्या गाडीत असावीत, आणि चढ-उतारावर एका वेळी एकच गाडी असावी. मद्य पूर्णपणे वर्ज्य. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या मद्याच्या, हंगामात हे पुन्हा एकदा सांगावे लागते. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो रोग गोचिडीमुळे पसरतो, म्हणून हिवाळ्यात-उन्हाळ्यात जेवणासाठी पालापाचोळ्यावर बसू नये आणि घरी जाऊन अंग तपासावे. परतीचा निर्णय दुपारी तीनलाच घ्यावा, कारण एक गाडी नक्की रुतणार आणि रानात अंधार लवकर पडतो.

घरी पोहोचण्याआधी

गाडी व्हाळात उभी करून धुऊ नये. त्याच पाण्यावर खालची कुळागरे असतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही धुरांतील डिफरन्शियलचे तेल पाहावे आणि ते दुधाळ दिसले तर बदलावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले गवत काढावे, नाहीतर पुढच्या घाटात इंजिन तापते. आणि फोंड्याकडे परतताना सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले, म्हणून चाके वाकली असे समजून लगेच गॅरेज शोधू नये: रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो, आणि तेथे पाण्याचा जोरदार फवारा मारला की थरथर बहुधा तेवढ्यावरच थांबते.