सुमोमध्ये आपला चौक: दुचाकींच्या गर्दीसह सिग्नलचं सिम्युलेशन

सिग्नलच्या वेळा थेट रस्त्यावर बदलून पाहिल्या तर चुकीची किंमत रांगेत अडकलेले लोक मोजतात. म्हणून आधी संगणकावर चौक चालवून पाहावा. त्यासाठी सुमो हे वाहतुकीच्या सिम्युलेशनचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. डीएलआर या जर्मन संशोधन संस्थेत ते विकसित झालं, २००१ पासून उपलब्ध आहे आणि त्याला परवाना शुल्क लागत नाही. पण त्याचे मूळ गृहीतक लेन पाळणाऱ्या वाहतुकीचे आहे. आपल्या चौकात निम्म्याहून जास्त दुचाकी असतील तर सुमो जसं मिळतं तसं वापरून चालत नाही. खाली भर आहे तो त्यात काय बदलायचं यावर.

सुरुवात मोजणीपासून. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेचे किमान दोन तास उंच गच्चीवरून चित्रण करा आणि दर १५ मिनिटांना, प्रत्येक बाजूची, प्रत्येक वळणाची, वाहनप्रकारानुसार मोजणी काढा. इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते. थांबरेषा ओलांडून गेलेली वाहनं म्हणजे मागणी नव्हे. हिरवा संपल्यावरही रांग उरत असेल तर तुम्ही मोजलीत ती सिग्नलची क्षमता, लोकांची गरज नाही. अशा मोजणीवर बांधलेल्या मॉडेलमध्ये चौक छान चालतो आणि रस्त्यावर तुंबलेलाच राहतो. म्हणून रांगेच्या शेपटीमागे दुसरा कॅमेरा ठेवा आणि तिथून येणारी वाहनं मोजा, किंवा निदान प्रत्येक १५ मिनिटांच्या सुरुवातीला व शेवटी उरलेली रांग नोंदवा. शेवटची रांग मिळवायची, सुरुवातीची वजा करायची.

सिम्युलेशनआधी वेळांचा पहिला अंदाज हाताने काढा. आयआरसी १०६ या भारतीय रस्ते मानकाप्रमाणे मोजणीचं पीसीयूत, म्हणजे ‘किती कारच्या बरोबरीचं’ या एककात, रूपांतर करा. त्या-त्या प्रकाराचा वाहतुकीतला वाटा १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकी ०.७५, रिक्षा २.०, बस किंवा ट्रक ३.७. संतृप्त प्रवाहासाठी, म्हणजे सलग हिरवा असता तर तासाला जास्तीत जास्त किती वाहतूक सुटेल त्यासाठी, रस्त्याच्या मीटरमधल्या रुंदीला ५२५ ने गुणण्याचा जुना नियम सुरुवातीला चालतो. ७ मीटर रुंदीला तो ३,६७५ पीसीयू येतो. त्या बाजूने ताशी ८१० पीसीयू येत असतील तर येणारी वाहतूक भागिले संतृप्त प्रवाह हे गुणोत्तर ०.२२. समजा उरलेल्या तीन बाजूंची गुणोत्तरं ०.१८, ०.२० आणि ०.१५ आहेत, म्हणजे बेरीज ०.७५, आणि दर फेजला, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पाळीला, ४ सेकंद सुटण्या-थांबण्यात वाया जातात, म्हणजे एकूण १६. सिग्नलचं एक पूर्ण चक्र किती सेकंदांचं असावं ते वेबस्टरचं सूत्र सांगतं: १.५ गुणिले १६, अधिक ५, म्हणजे २९. त्याला १ वजा ०.७५ ने भागा. ११६ सेकंद, म्हणून १२० धरा. उरलेले १०४ सेकंद गुणोत्तरांच्या प्रमाणात वाटले की प्रभावी हिरवा, म्हणजे वाहनं खरोखर सुटतात तो वेळ, ३०, २५, २८ आणि २१ सेकंद. पिवळा ३ आणि सर्व-लाल २ सेकंद ठेवले तर दिव्यावर दिसणारा हिरवा प्रत्येकी एक सेकंद कमी, म्हणजे २९, २४, २७, २०. बेरीज करून पाहा: १०० अधिक २०, बरोबर १२०. पादचाऱ्यांचा हिशेबही इथेच तपासा. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने १४ मीटर रस्ता ओलांडायला जवळपास १२ सेकंद लागतात, आणि वृद्धांना त्याहून जास्त.

आता नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपमधून चौक उतरवून घेता येतो, पण आयात करताना ‘लेफ्टहँड’ हा पर्याय तपासा. तो नसेल तर सगळी वाहनं उजवीकडून धावतात आणि प्रत्येक वळणाचा संघर्ष उलटा होतो. दुभाजक असलेल्या दोन रस्त्यांचा चौक नकाशात चार वेगळ्या बिंदूंचा असतो आणि सुमो त्या प्रत्येकावर स्वतंत्र सिग्नल बसवू शकतं. ‘जंक्शन्स जॉइन’ वापरून ते एक करा, मग नेटएडिट या सुमोच्या नकाशा-संपादकात प्रत्येक लेनमधून कुठे वळता येतं ते डोळ्यांनी तपासा. लेनची संख्या नकाशावर सोडू नका, टेप घेऊन मोजा. फेरीवाले आणि उभ्या गाड्या वगळून उरणारी रुंदी हीच खरी रुंदी. सिग्नल न पाळता डावीकडे वळायची मुभा असेल तर ते कनेक्शन सिग्नलच्या ताब्याबाहेर काढा. चौकाकडे येणारे रस्ते किमान ५०० मीटर लांब ठेवा.

खरं काम वाहनप्रकारांत आहे. मूळ मांडणीत एका लेनमध्ये शेजारी-शेजारी वाहनं राहू शकत नाहीत, त्यामुळे दहा दुचाकी दहा गाड्यांसारख्या एकामागोमाग उभ्या राहतात आणि रांग प्रत्यक्षापेक्षा कितीतरी लांब दिसते. उपाय म्हणजे लेनचे अरुंद उभे पट्टे पाडणारं सबलेन मॉडेल: पट्ट्याची रुंदी ठरवणाऱ्या ‘लॅटरल रिझोल्यूशन’ला ०.४ मीटर द्या. गणनेला वेळ जास्त लागेल, पण त्याशिवाय आपल्याकडचे निकाल वापरण्याजोगे नसतात. तेवढ्याने दुचाकी पुढे सरकतीलच असं नाही. ३.५ मीटरच्या लेनच्या मधोमध १.६५ मीटर रुंदीची कार उभी असेल तर एका बाजूला साधारण ०.९२ मीटर उरतात. त्यात ०.६५ मीटरची दुचाकी घातली की मोकळी जागा २७ सेंटिमीटर, आणि सुमोचं मूळ किमान बाजूअंतर ०.६ मीटर आहे. म्हणजे दुचाकी मागेच थांबणार. दुचाकीसाठी ते ०.२ च्या आसपास आणा, लेनमध्ये आडवं कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या ‘लॅट अलाइनमेंट’ला ‘आर्बिट्ररी’, म्हणजे कुठेही, द्या आणि बाजूने घुसण्याची वृत्ती ठरवणारा ‘पुशी’ थोडा वाढवा. रिक्षेचा वेगळा प्रकार करा, साधारण २.६ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद. कारचं माप देऊ नका. उभं असताना पुढच्या वाहनाशी ठेवलेलं अंतर मूळ २.५ मीटर असतं, आपल्या रांगेत ते एक मीटरच्या आत येतं. चित्रणातली उभी रांग थांबवून मोजा.

‘टाऊ’, म्हणजे चालक पुढच्या वाहनामागे राखू पाहतो ते वेळेचं अंतर, १ सेकंदावरून ०.७ वर आणलात तर सिम्युलेशनची पायरीही, म्हणजे गणना एका वेळी जितकी पुढे सरकते तो वेळही, ०.५ सेकंद करा. पायरी टाऊपेक्षा मोठी राहिली की अचानक ब्रेक आणि टकरीचे इशारे येऊ लागतात, आणि दोष चौकाच्या रचनेचा आहे असं उगाच वाटतं.

वाहनं आत सोडताना दोन मूळ मूल्यं त्रास देतात. काही न सांगितल्यास प्रत्येक वाहन पहिल्याच लेनमध्ये, शून्य वेगाने अवतरतं. त्यामुळे चौकाऐवजी नेटवर्कच्या सीमेवरच कोंडी होते. ‘डिपार्ट लेन’ला ‘बेस्ट’ आणि ‘डिपार्ट स्पीड’ला ‘मॅक्स’ लिहा. तासाला अमुक वाहनं एवढंच दिलंत तर ती घड्याळाच्या काट्यासारखी समान अंतराने येतात. खरी वाहतूक झुंडीने येते, म्हणून घातांकी, म्हणजे कधी लहान कधी मोठी अशी यादृच्छिक, अंतरं वापरा.

पहिली १५ मिनिटं रस्ता भरण्यासाठी सोडा, पुढचा तास मोजा. सुमोचं यादृच्छिक बीज, म्हणजे ज्यावरून सगळे यादृच्छिक आकडे निघतात तो आकडा, मूळ २३४२३ या आकड्यावर पक्कं असतं, म्हणून कितीदाही चालवलं तरी तेच उत्तर येतं. त्या सारखेपणाला अचूकता समजू नका. दहा वेगळी बीजं देऊन सरासरी आणि फरकाची व्याप्ती दोन्ही लिहा. दोन पर्यायांतला फरक या व्याप्तीपेक्षा लहान असेल तर तो फरक नव्हेच.

निकाल फसवतात ते दोन जागी. ३०० सेकंद अडकलेलं वाहन सुमो उचलून पुढे टाकतं, याला टेलिपोर्ट म्हणतात. संदेशखिडकीत त्याचे इशारे दिसले तर विलंबाचे आकडे बाजूला ठेवा आणि वाहन कुठे अडकतंय ते शोधा. बहुतेकदा चुकीच्या लेनमधून वळायचा प्रयत्न असतो. दुसरी जागा म्हणजे आत शिरायलाच न मिळालेली वाहनं. ती बाहेर थांबतात आणि ‘टाइम लॉस’मध्ये, म्हणजे प्रवासात वाया गेलेल्या वेळेत, मोजली जात नाहीत. ‘डिपार्ट डिले’, म्हणजे आत शिरण्याआधीची वाट, त्यात मिळवा आणि अपूर्ण प्रवासही नोंदवायला सांगा. नाहीतर सर्वांत तुंबलेला पर्याय सर्वांत चांगला ठरतो.

मॉडेल प्रत्यक्षाशी किती जुळतं हे पाहण्यासाठी जीईएच हा निर्देशांक काढा: मॉडेल आणि मोजणी यांच्या फरकाच्या वर्गाची दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. मोजणी ८१० आणि मॉडेल ७०० असेल तर ते ४ येतं. ८५ टक्के प्रवाहांत ते ५ च्या खाली असावं असा प्रघात आहे. पण ११० वाहनं कमी पडूनही परीक्षा पास होते हे लक्षात घ्या. म्हणून रांगेची लांबी आणि हिरव्याच्या पहिल्या १० सेकंदांत रेषा ओलांडणारी वाहनं हीसुद्धा चित्रणाशी ताडून पाहा. आपल्याकडे पुढे गोळा झालेल्या दुचाकी त्या १० सेकंदांत एकदम सुटतात. मॉडेलमध्ये तो लोंढा दिसत नसेल तर बाजूअंतराकडे परत जा, सिग्नलच्या वेळांना अजून हात लावू नका.