पतित देवदूतांविषयीची वचने कोणत्या क्रमाने वाचावीत

बायबल अभ्यासगटात पतित देवदूतांचा, म्हणजे पाप करून आपले स्थान सोडलेल्या देवदूतांचा, विषय निघाला की बहुतेकजण यशया १४ उघडतात. सुरुवात तिथून करू नका. तो उतारा सगळ्यांत शेवटी घ्यायचा आहे.

दीड-दीड तासाच्या चार बैठका ठेवा. प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने हवेत: ‘वचनात आहे’, ‘मंडळीची परंपरा’ आणि ‘ऐकीव’. वाचताना जे सुचेल ते आधी तिसऱ्या रकान्यात लिहायचे. अध्याय आणि ओवी दाखवता आली तरच ते पहिल्यात न्यायचे.

पहिल्या बैठकीत यहूदाच्या पत्रातली ६ वी ओवी आणि २ पेत्र २:४ शेजारी ठेवून वाचा. देवदूतांनी पाप केले, आपले स्थान सोडले आणि ते न्यायाच्या दिवसापर्यंत बंधनात आहेत, हे इथे उघड सांगितले आहे. मग लगेच इफिस ६:१२ वाचा, जिथे आपली लढाई दुरात्म्यांशी आहे असे म्हटले आहे. काही बंधनात आहेत, तर आज लढाई कोणाशी, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच. त्याचे उत्तर घाईने देऊ नका. दोन्ही वचने पहिल्या रकान्यात तशीच राहू द्या.

दुसरी बैठक उत्पत्ती ६:१-४ ची, आणि जास्तीत जास्त वेळ हीच खाते. ‘देवपुत्र’ म्हणजे देवदूत, असे हनोखाच्या पहिल्या पुस्तकात (एका प्राचीन यहुदी ग्रंथात) आहे. त्यात दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. यहूदा १४-१५ मध्ये याच पुस्तकातले शब्द येतात, म्हणून ते बाजूला सारता येत नाही. पण ख्रिस्ती मंडळींपैकी आज ते इथिओपिया आणि एरिट्रिया इथल्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्याच पवित्र शास्त्रात आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने मात्र देवपुत्र म्हणजे शेथाचे वंशज असा अर्थ लावला आणि पश्चिमेकडील मंडळीत तोच रुजला. गटाने एक बाजू निवडलीच पाहिजे असे नाही, पण कोणते मत कुठून आले हे दुसऱ्या रकान्यात नोंदवा.

तिसऱ्या बैठकीत प्रकटीकरण १२. ‘एक तृतीयांश देवदूत पडले’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. चौथ्या ओवीत मात्र अजगराच्या शेपटाने ओढलेले आकाशातले तारे आहेत. तारे म्हणजे देवदूत, हा अर्थ नवव्या ओवीवरून लावलेला आहे. शिवाय प्रमुख देवदूत मिखाएलाचे अजगराशी युद्ध येते ते पाचव्या ओवीतल्या पुत्राच्या जन्मानंतर. ‘हे जग निर्माण होण्यापूर्वीचे युद्ध’ असे या अध्यायात लिहिलेले नाही.

आता चौथ्या बैठकीत यशया १४. चौथ्या ओवीपासून वाचा, म्हणजे हे बाबेलच्या राजावरचे गीत आहे हे आपोआप कळते. बाराव्या ओवीतल्या पहाटेच्या ताऱ्याला लॅटिन भाषांतरात ‘लुसिफर’ शब्द आला. ते मुळात शुक्राच्या चांदणीचे नाव. ओरिजेनसारख्या आद्य लेखकांनी यात सैतानाचे पतन पाहिले. यहेज्केल २८ तसेच सोरच्या राजाविषयी आहे. दोन्ही उतारे दुसऱ्या रकान्यात जातात. दुष्टात्मे, म्हणजे हेच पतित देवदूत, देवाने चांगलेच घडवले होते, ते स्वतःहून दुष्ट झाले, हे चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममध्ये भरलेल्या मंडळीच्या महासभेने) १२१५ मध्ये ठरवले. ही नोंदही तिथेच करा, कारण देवाने वाईट का निर्माण केले हा प्रश्न याच बैठकीत येतो.

मराठी वाचकांची एक खास अडचण आहे. आपल्या बायबलात या दुष्टात्म्यांसाठी ‘भुते’ हा शब्द आहे आणि गावात भूत म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा. ख्रिस्ती शिकवणीत मृत माणसे भुते होत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा की चर्चेत ‘अशुद्ध आत्मा’ किंवा ‘दुरात्मा’ म्हणायचे. हे राहून गेले, तर तिसऱ्या बैठकीपर्यंत चर्चा वडाच्या झाडावर पोचलेली असते.

गटात कोणी आजारी नातेवाइकाबद्दल विचारले, तर मत्तय ४:२४ वाचून दाखवा. तिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी वेगवेगळे मोजले आहेत. आधी डॉक्टर, औषध चालू असेल तर ते सुरूच, आणि सोबत प्रार्थना. कॅथलिक मंडळीत विधिवत भूतनिवारण बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणताही धर्मगुरू करू शकत नाही. गटाने तर ते मुळीच करू नये.