पान लाइव्ह करण्याआधी माउस बाजूला ठेवा

वेबपानाच्या ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंग व्यक्तींनाही ते वापरता यावं याची, आठवण शेवटच्या दिवशी झाली, की दोन-चार रंग गडद केले जातात आणि विषय मिटतो. म्हणून ही तयारी मजकूर लिहायला घेतानाच सुरू करा. वाचक पानावर नेमकं कशासाठी येणार आहे ते आधी ठरवा. समजा, नावनोंदणीसाठी. मग पुढची सगळी तपासणी एवढ्याच प्रश्नाला धरून करा: अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हातांची हालचाल मर्यादित असलेली व्यक्ती कुणाच्याही मदतीशिवाय ही नोंदणी शेवटपर्यंत करू शकते का?

सुरुवात कीबोर्डपासून करा, कारण अनेक सहाय्यक साधनं त्याच वाटेने चालतात. टॅबने पुढे जा, शिफ्ट-टॅबने मागे या, एंटर आणि स्पेसने बटणं दाबून बघा, उघडलेली खिडकी एस्केपने बंद होते का ते पाहा. आपण आत्ता कुठे आहोत हे प्रत्येक वेळी दिसायला हवं. हे दाखवणारी फोकसची चौकट ‘डिझाइन बिघडवते’ म्हणून काढून टाकली असेल, तर त्यावरचं भांडण आजच उरकून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. तारीख निवडायच्या कॅलेंडरवर जरा जास्त वेळ घालवा. त्यात शिरता येतं पण बाहेर पडता येत नाही, असं सर्रास घडतं. तारीख थेट टाइप करायची सोय द्या.

आता फॉर्म. ‘मोबाइल नंबर’ हे शब्द रकान्यातच फिकट अक्षरांत असतील, तर टाइप करायला लागताच ते नाहीसे होतात आणि आपण काय भरत होतो ते विसरायला होतं. लेबल रकान्याबाहेर, कायम दिसणारं आणि कोडमध्येही त्या रकान्याशी जोडलेलं हवं. चूक झाली की नुसती लाल चौकट नको, ‘नंबरात एक आकडा कमी आहे’ असं शब्दांत सांगा. ओटीपी आणि पासवर्ड पेस्ट करता आलेच पाहिजेत. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी सूचना मिळावी आणि वेळ वाढवून घेता यावा. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा शक्यतो काढूनच टाका.

यानंतर पान कानांनी तपासा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने. विंडोजवर एनव्हीडीए मोफत मिळतं, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर असतंच. पहिल्या दिवशी गोंधळ उडेल, तो उडू द्या. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे कोडमधले शब्द, दिला नसेल, तर कधी नुसतं ‘ग्राफिक’ ऐकू येतं, कधी फाइलचं लांबलचक नाव. आलेखाला ‘नोंदणीचा आलेख’ एवढंच लिहून भागत नाही. ‘जूनमध्ये नोंदणी वाढली, ऑगस्टनंतर घसरली’ असं लिहा, कारण डोळस वाचक त्यातून तेच घेतो. शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवा. सगळी सूचना पोस्टरच्या चित्रात कोंबून टाकायची सवय मात्र मोडाच. तारीख, वेळ आणि ठिकाण खाली मजकूर म्हणून लिहा.

मराठी पानाच्या कोडमध्ये भाषाही मराठीच नोंदवलेली हवी. तिथे इंग्रजी असेल तर इंग्रजी आवाज देवनागरी चुकीची वाचतो किंवा गाळूनच टाकतो. जुन्या, युनिकोडआधीच्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला त्यात रोमन अक्षरांची खिचडी मिळते. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामायिक अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजेही चित्रच, तिचा मजकूर वेगळा द्या. मथळे ठळक करून भागणार नाही, ते मथळे म्हणूनच नोंदवा, कारण स्क्रीन रीडर वापरणारे पुष्कळजण मथळ्यांवरून उड्या मारत पान चाळतात. आणि ‘इथे क्लिक करा’ अशा पाच लिंक एकापाठोपाठ ऐकून बघा, बाकी काही सांगायला नको.

मोजमापाच्या गोष्टी पटकन उरकतात. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतली एए ही मधली पातळी धरली, तर साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा ३:१ हवा. बटणं साधारण २४ बाय २४ पिक्सेलपेक्षा लहान नकोत. झूम ४०० टक्के करून पाहा, ओळ वाचायला आडवं सरकावं लागता कामा नये. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही नको, त्याने काहींना फिट येऊ शकते.

व्हिडिओला कॅप्शन द्या, पण आपोआप तयार झालेली तशीच सोडू नका. त्यात नावं आणि आकडे चुकतात, आणि एखादा ‘नाही’ गळला तर सूचनाच उलटी होते. बोलणाऱ्याला आधीच बजावून ठेवा: ‘हे असं इथे दाबा’ म्हणायचं नाही, बटणाचं नाव घ्यायचं.

स्वयंचलित तपासणीचं साधनही चालवा, मात्र त्याने दिलेल्या गुणांवर हुरळू नका. पर्यायी मजकूर आहे की नाही हे त्याला कळतं, तो बरोबर आहे का हे कळत नाही. एका ओळीच्या कोडने सगळं ठीक करून देतो म्हणणाऱ्या विजेटवर मी तरी पैसे घालणार नाही. त्याच पैशांत स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या दोघा-तिघांना बसवून नोंदणी करायला सांगा, त्यांच्या वेळेचं मानधन द्या आणि मध्ये बोलू नका. अडचण कळवण्यासाठी पानावर फोन आणि ई-मेल दोन्ही ठेवा, नुसता फोन कर्णबधिरांच्या उपयोगाचा नाही. ते ई-मेल कोण उघडणार, हेही लाइव्ह करण्याआधीच नावानिशी ठरवा.