युद्धाचा पैसा शहराला मिळाला असता का? थिसिसला हा विषय घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत पब्लिक पॉलिसी किंवा अर्बन प्लॅनिंग शिकायला आलेलं कुणीतरी दरवर्षी विचारतं, "ताई, शहरांचे युद्धविरोधी ठराव हा विषय थिसिसला घेऊ का?" जरूर घ्या. फक्त माझं अख्खं सेमिस्टर कशात गेलं ते आधी ऐका.

ठळक घटना तुम्हाला माहीत असतील. जानेवारी 2003 मध्ये शिकागोच्या सिटी कौन्सिलने इराक युद्धाविरुद्धचा ठराव 46 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केला. जून 2011 मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या अमेरिकी महापौरांच्या परिषदेत युजीन शहराच्या महापौर किटी पिअर्सी यांचा ठराव मंजूर झाला. इराक आणि अफगाणिस्तानातली युद्धं संपवा, त्यांवर वर्षाला जाणारे 126 अब्ज डॉलर देशातल्या गरजांसाठी वापरा, अशी त्यात काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, मागणी होती. लॉस एंजेलिसचे महापौर अँटोनियो विलारायगोसा तेव्हा म्हणाले होते की आपण बगदाद आणि कंदाहारला पूल बांधतो, बाल्टिमोर आणि कॅन्सस सिटीला नाही. व्हिएतनाम युद्धावरच्या 1971 च्या ठरावानंतर परिषद युद्धाबद्दल एवढं स्पष्ट बोलली नव्हती.

हे वाचून मी भारावून गेले आणि तिथेच फसले.

नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट ही संस्था प्रत्येक शहराचा 'युद्धखर्चातला वाटा' काढायची. मी दहा शहरांचे आकडे उचलले, तक्ता केला आणि खाली लिहिलं, 'या शहरांनी एवढा निधी गमावला.' गाईडने पेन्सिलने तक्त्याशेजारी एकच प्रश्न लिहिला: हे पैसे शहराच्या कोणत्या खात्यात होते? उत्तर शोधायला मी तीन दिवस एका शहराचं बजेट चाळत बसले. असं खातंच नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण प्रत्येक जण इथेच अडकतो. तो वाटा रहिवाशांनी भरलेल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, करावरून काढलेला असतो. हिशेब म्हणून तो बरोबर आहे, पण तो पैसा सिटी हॉलचा कधीच नव्हता. युद्धाचा बराचसा खर्च तर कर्ज काढून झाला. युद्ध थांबलं तर आधी कर्ज काढणं कमी होतं, शहराला चेक येत नाही. शहराला पैसा येतो तो सीडीबीजीसारख्या (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट) केंद्रीय अनुदानांतून. 1974 च्या कायद्याने सुरू झालेलं हे अनुदान लोकसंख्या, गरिबी, घरांतली गर्दी, जुनी घरं अशा निकषांवर वाटलं जातं, आणि त्याची रक्कम काँग्रेस दरवर्षी वेगळी मंजूर करते. आता तारखा पाहा. महापौरांचा ठराव जूनमधला. 2 ऑगस्ट 2011 ला बजेट कंट्रोल ॲक्ट आला. त्याने नेहमीच्या खर्चावर मर्यादा घातली आणि युद्धखर्च त्या मर्यादेबाहेर ठेवला. म्हणजे युद्धावर एक डॉलर वाचला तरी शहरांच्या अनुदानासाठी त्या मर्यादेत एका डॉलरचीही जागा होत नव्हती! ही एक गोष्ट मला आधी कळली असती तर चाळीस पानं फाडावी लागली नसती.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. 'ठराव' म्हटलं की डोळ्यांसमोर महापालिकेची महासभा आणि अंमलबजावणी करणारे आयुक्त येतात. इथे 'ऑर्डिनन्स' बंधनकारक असतो. परराष्ट्र धोरणावरचं 'रिझोल्यूशन' म्हणजे फक्त मतप्रदर्शन. म्यानमारशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडून सरकारी खरेदी रोखणारा मॅसॅच्युसेट्सचा कायदा सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये रद्द केला, कारण तो काँग्रेसने म्यानमारवर निर्बंध घालण्यासाठी केलेल्या कायद्याच्या आड येत होता. शहरांचे ठराव त्या कचाट्यात सापडत नाहीत, कारण ते कुणावर बंधन घालतच नाहीत.

म्हणून ते निरुपयोगी आहेत का? मला तसं मुळीच वाटत नाही. रस्ते, शाळा, घरं यांची रड रोज ऐकणारी माणसं युद्धाबद्दल बोलतात तेव्हा त्या बोलण्याला वजन असतं. तुमचा थिसिस त्या वजनाबद्दल असू दे, न मिळालेल्या पैशाबद्दल नको.

सीनियरचा जुना थिसिस मागून त्यावर इमला चढवू नका. मी तेच केलं होतं, त्यातही हीच चूक होती. बातम्यांवर विसंबू नका, ठरावाचा मूळ मजकूर वाचा. 'व्हेअरॲज'ची कारणं वेगळी आणि 'रिझॉल्व्ह्ड'ची मागणी वेगळी काढा. 2011 च्या ठरावात पैसा फक्त शहरांसाठी मागितलेला नाही, राष्ट्रीय कर्ज कमी करणंही त्यात आहे. कौन्सिलची कार्यवृत्तं सिटी क्लर्ककडे, म्हणजे शहराच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मिळतात. आणि गाईड निवडताना प्रत्येक पानाला 'छान' म्हणणारा नको. माझ्या गाईडने पेन्सिल उचलली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तरी आज निवडायची वेळ आली तर मी तोच गाईड निवडेन.

एक सेमिस्टर गेलं म्हणजे सगळं गेलं असं त्या वेळी वाटतं. तसं होत नाही. माझा तो तक्ता शेवटी थिसिसमध्ये राहिला, फक्त मथळा बदलला: 'रहिवाशांनी भरलेला कर'. शेजारी दुसरा रकाना आला, त्या शहराला त्या वर्षी खरोखर मिळालेलं सीडीबीजी. व्हायव्हाला सगळे प्रश्न त्या दोन रकान्यांमधल्या फरकावर आले, आणि प्रत्येकाचं उत्तर मला देता आलं.